उजव्या हातांची शाळा

तुमचं मूल वर्गात उत्तर द्यायला कोणता हात वर करतं, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का?

हसू नका, मी गंमत करत नाही. गेल्या आठवड्यात केडगावच्या थांब्यावर दोन मुली सिटी बसमध्ये चढल्या. कॉलेजच्या एकसारख्या साड्या, खांद्यावर पदराला ओळीनं लावलेल्या पिना, काखेत चार्टपेपरच्या गुंडाळ्या, एकीच्या मांडीवर थर्माकोलचं घड्याळ. डीएडच्या दुसऱ्या वर्षाच्या असणार. थंडी पडली की आमच्या नगरकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. रानात कांद्याची रोपं लावायला घेतात आणि शाळांमध्ये शिकाऊ शिक्षकांचे पाठ सुरू होतात. मीही काही वर्षांपूर्वी अशीच गुंडाळ्या सांभाळत याच रस्त्यानं जायचे. म्हणून त्यांना आपुलकीनं विचारलं, पाठ कसे चाललेत. घड्याळवाली खूश होती. शाळेतले सर फार मदत करतात म्हणाली. पहिल्याच दिवशी त्यांनी एक युक्ती सांगितली. कुणी तपासायला आलं की सगळ्या मुलांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. आपण फक्त उजव्याला विचारायचं.

"वर्ग एकदम भरलेला दिसतो, मॅडम," ती म्हणाली.

मी बोलले असते तर ओरडले असते, आणि ओरडण्यासारखं त्या पोरीनं काही केलं नव्हतं. तिला जे हातात दिलं गेलं तेच ती पुढे देत होती. पण तेव्हापासून माझ्या स्वतःच्या पाठांचा तो हिवाळा माझ्या मागे लागला आहे. सकाळी नळाचं पाणी हाताला झोंबलं की तो आठवतो. भाजीवाल्याच्या गाडीवर कांद्याची पात दिसली की आठवतो. म्हणून लिहायला बसले आहे.

माझे पाठ ज्या शाळेत होते ते गाव पुणे रस्ता सोडून आत होतं. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, बरं झालं, आमचं गाव नव्हे. दोन वर्गखोल्या आणि एक इवलंसं ऑफिस अशी शाळा, पुढे लिंबाचं झाड, मागे कुंपणाला लागून कांद्याचं रान. सकाळी परिपाठाच्या वेळी त्या रानात बायका ओळीनं वाकलेल्या असायच्या आणि ओल्या मातीचा, रोपांचा उग्र वास प्रार्थनेत मिसळायचा. लागवडीच्या दिवसांत निम्मी पोरं आयांसोबत रानात. जी यायची त्यांच्या नखांत माती, नाकाला शेंबूड आणि अंगात थोरल्या भावंडांचे स्वेटर, ज्यांच्या बाह्या बोटांच्याही पुढे लोंबत. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची. त्या खोलीचे शिक्षक म्हणजेच शाळेचे मुख्याध्यापक. गावात त्यांना सगळे हेडसर म्हणत, मीही तेच म्हणते.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील कारखान्यातल्या युनियनची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे छापलेला किंवा लिहिलेला कागद हा कुणाला तरी जाब विचारण्यासाठी असतो, असंच मला लहानपणापासून वाटत आलं. पाठ टाचण हा मी पाहिलेला पहिला कागद, जो कुणालाच काही विचारत नव्हता. त्यात रकाने असतात. एका रकान्यात शिक्षकानं काय विचारायचं ते लिहायचं, आणि शेजारच्या रकान्यात मुलं काय उत्तर देतील ते. आदल्या संध्याकाळी, घरी बसून. ज्या पोराला मी अजून पाहिलेलंही नाही त्याचं उत्तर माझ्या वळणदार अक्षरात तयार. मार्गदर्शक मॅडम त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण करायच्या. मूल वर्गात यायच्या आधीच पास झालेलं असायचं, फक्त त्याला त्याचा पत्ता नसायचा.

आणि शैक्षणिक साहित्य! आम्ही किती साहित्य केलं. पुठ्ठ्याचे सूर्य, लोकरीची मुळं, थर्माकोलचा डोंगर, त्यावर चकाकणारं प्लास्टिक. मुलांना सांगायचं, लांबून बघा. हात लावू नका, खराब होईल. कृतीतून शिक्षण या विषयावर आम्ही कॉलेजात पानंच्या पानं लिहिली होती, आणि शाळेत येऊन आम्ही पोरांना सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं वाक्य होतं, हात लावू नका.

शाळेत एक मोठा टीव्ही होता. गावानं लोकवर्गणी काढून घेतलेला. तो वर्गात नव्हता, ऑफिसात हेडसरांच्या टेबलामागे होता, पडद्यावरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच. खंडेनवमीला गावानं त्याची पूजा केली होती. कडेला हळदीकुंकवाची बोटं आणि वर झेंडूची माळ, जी थंडीपर्यंत वाळून कोळ झाली तरी कुणी काढली नव्हती. अवजारांची पूजा एक दिवस करायची आणि दुसऱ्या दिवशी ती रानात न्यायची, हे गावातल्या प्रत्येकाला कळत होतं. नांगर, विळे, ट्रॅक्टर सगळे कामाला गेले होते. टीव्ही तेवढा देव होऊन राहिला.

मी हेडसरांना म्हटलं, याला वर्गात नेऊ या. ते म्हणाले, वॉरंटीचा प्रश्न येतो. मी रोज विचारत राहिले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहायलाच हवं. स्वतःच्या डब्यातली भाकरी ते डबा न आणलेल्या पोराला द्यायचे. रानातून हुरडा आला तर आधी पोरांना वाटायचे. दिवसातला निम्मा वेळ ते मोबाईलवर कसली कसली माहिती भरत बसायचे, कुणी आज मागितली, कुणी आत्ता मागितली. शेवटी कंटाळून म्हणाले, न्या बाई, पण प्लास्टिक काढू नका.

तोवर मी कांद्याचं काम सुरू केलं होतं. साधंच. काचेची बरणी, त्यात पाणी, तोंडावर एक कांदा, तो आत पडू नये म्हणून पोरांनी बाभळीचे तीन काटे आडवे खोचून दिले. कांद्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. रोज परिपाठानंतर त्याचा एक फोटो काढायचा, माझ्या मोबाईलवर, एकाच जागेवरून. नंतर सगळे फोटो जोडून भराभर पळवले की मुळं फुटताना दिसतील. रानातल्या पोरांना कांदा नवा नव्हता. पण जमिनीच्या आत काय चालतं ते त्यांनीही पाहिलेलं नव्हतं. बरणी कोनाड्यात ठेवली, समोर विटेवर मोबाईल, विटेभोवती खडूची रेघ.

पहिल्या दिवशी फोटोसाठी भांडण झालं. प्रत्येकाला बटण दाबायचं होतं. आणि प्रत्येकाच्या फोटोत कांद्यावर काळी सावली. खिडकी उजव्या बाजूला होती, हात मध्ये यायचा. मग मागून एक मुलगी आली आणि बाजूला उभी राहून डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. स्वच्छ फोटो. कांद्याच्या सालीवरच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

"डावरीये ती," एक पोरगा म्हणाला. "हिच्या हाताला कांदा पन रडंल, मॅडम."

"तुज्या सावलीला रडला की आदीच," ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

तिचं नाव सानिया. तिसरीत होती. वडील गाद्या-रजया भरायचे, थंडीत त्यांचा हंगाम. कापूस पिंजायचं यंत्र टेम्पोत टाकून गावोगाव जायचे. सानियाच्या केसांत कायम कापसाचे तंतू अडकलेले असत. फोटोचं काम त्या दिवसापासून तिचं झालं. ती कांद्याकडे जसं बघायची तसं मी कॉलेजात कुणाला पुस्तकाकडे बघताना पाहिलं नाही. बूड फुगलं, असं एक दिवस सांगत आली. मग पांढरे ठिपके आले. मग शेवयांसारखी मुळं, आणि त्या मुळांना बरणीच्या तळाचा पत्ता कुणी सांगितला, असा तिचा प्रश्न. माझ्या टाचणातल्या रकान्यात या प्रश्नाला जागा नव्हती.

पण बाकीच्या तासांना ही मुलगी नाहीशी व्हायची. गणिताला मी विचारायचे, कोण सांगेल? खोलीभर हात. सगळेच्या सगळे. मला सुरुवातीला केवढा अभिमान वाटला होता, आपलं शिकवणं किती पोचतंय. सानियाचाही हात वर. मी तिचं नाव घेणार तोच दारातून हेडसर हळूच म्हणाले, तिला नको, उजव्या हाताचं कुणीतरी घ्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला युक्ती समजावून सांगितली, तीच, जी परवा बसमध्ये ऐकली. चेहऱ्यावर कौतुक होतं. पहिलीपासून सवय लावली आहे म्हणाले, आता तपासणी असो नसो, आपोआप होतं.

मी विचारलं, आणि सानिया? ते म्हणाले, तिचा कायम डावाच असतो. पहिलीपासून. काही येत नाही बिचारीला.

मी त्या दिवशी तिला लिंबाखाली गाठलं. विचारलं, तुला येत नाही म्हणून तू डावा हात वर करतेस का? तिनं मान हलवली, नाही. नियम माहीत आहे ना? माहीत होता. मग?

"आदी ह्योच वर येतो, मॅडम," ती डाव्या हाताकडे बघत म्हणाली. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याच्या खोडीबद्दल ती तक्रार करत होती. "मंग म्या बदलते. तवर सरांनी दुसऱ्याला इचारलेलं असतं."

त्या संध्याकाळी घरी बसून मी हिशोब केला. तीन इयत्ता. एक मूल तीन इयत्ता सांगत आलं आहे की मला येतं, मला येतं, आणि शाळेनं बसवलेल्या यंत्रात त्याचा अर्थ निघतो आहे, मला येत नाही. पहिलीतच तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात दिली होती, तीही शाळेनंच, सरस्वतीला डावा हात चालत नाही म्हणून. त्यामुळे अक्षर वेडंवाकडं, लिहायला उशीर, पेपर अर्धा कोरा. तोंडी विचारायचं नाही आणि लेखी जमू द्यायचं नाही. एवढी पक्की कोंडी एखाद्या शत्रूनं ठरवून केली असती तर आपण मोर्चा काढला असता. इथे ती एका भल्या माणसानं वर्ग भरलेला दिसावा म्हणून केली होती. आणि मोर्चा कुणावर काढायचा, हेच मला कळत नव्हतं.

मला राग युक्तीचा तर आहेच. पण त्याहून जास्त राग आहे तो ज्यांच्यासाठी अशी युक्ती लागते त्या डोळ्यांचा. वर्गात येणारा प्रत्येक मोठा माणूस दाराशी उभा राहून किती हात वर आहेत ते बघतो. कुणी खाली बसत नाही. आपण शाळा बघतो ती उभ्यानं बघतो, जशी दुकानाची पाटी बघतात.

चाचणी जवळ आली तशी हेडसरांनी एक गोष्ट ठरवली. सानियाला नगरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि गतिमंद असल्याचा दाखला काढायचा. दाखल्याची मुलं चाचणीत वेगळी धरतात, शाळेचा निकाल खाली येत नाही. आणि तिलाही सवलती मिळतील, वाईट काय आहे त्यात, असं त्यांनी मला विचारलं, अगदी मनापासून. मी म्हटलं, तिला सगळं कळतं. ते म्हणाले, तुम्ही दोन महिन्यांच्या पाहुण्या आहात, मॅडम. निकाल माझ्या नावावर लागतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. ज्या मुलांना खरोखर त्या दाखल्याची गरज असते त्यांच्यासाठी तो कागद म्हणजे भाकरी आहे, हक्क आहे, आणि तो मिळवताना त्यांच्या आईबापांच्या चपला झिजतात. तोच कागद शाळेचा निकाल सजवायला वापरणं म्हणजे दोन मुलांची चोरी एकदम करणं. एकाच्या कपाळावर खोटी खूण, आणि दुसऱ्याच्या खऱ्या गरजेची थट्टा.

मी कॉलेजात जाऊन मार्गदर्शक मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चहा मागवला आणि म्हणाल्या, "तू पाठ घ्यायला गेली आहेस. शाळा आपल्याला जागा देते हे विसरू नकोस." पुढच्या वर्षीच्या मुलींनाही तिथेच पाठवायचं होतं, म्हणून त्यांनी तो विषय तिथेच मिटवला. मी घरी आले आणि पहिल्यांदा मला वडिलांच्या पत्रकांचाही राग आला. त्यात जाब विचारायची भाषा होती. पण जाब विचारल्यावर समोरचा माणूस चहा मागवतो, तेव्हा काय करायचं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

सानियाच्या आईला गावात सगळे भाभी म्हणायचे. तिला निरोप गेला होता, मुलीचे फोटो आणि कागद घेऊन या म्हणून. ती मला विचारायला शाळेत आली नाही, मीच तिच्या घरी गेले. अंगणात रजई पसरलेली होती. एका बाजूला भाभी, समोर सानिया, दोघी टाके घालत एकाच दिशेनं सरकत होत्या. एकीची सुई उजव्या हातात, दुसरीची डाव्यात, त्यामुळे दोघींच्या ओळी बरोबरीनं पुढे जात होत्या. कापसाचा बारीक भुगा उन्हात तरंगत होता. सानियानं मला बघून टाका थोडा जास्तच झोकात ओढला.

भाभीनं विचारलं, तो दाखला कसला असतो. मी सांगितलं, काही झाकलं नाही. तिची सुई थांबली. मग तिनं सानियाला पाणी आणायला आत पाठवलं.

"पोरगी जेवताना उजव्या हातानं जेवती, तेवढं मी शिकिवलं," ती म्हणाली. "बाकी तिचा हात तिला. त्यानं ती येडी ठरती व्हय?"

मी म्हटलं, नाही. तिनं विचारलं, मग सर असं का करतात. मी परीक्षा, निकाल, टक्के असं काहीबाही सांगू लागले आणि बोलता बोलता मलाच माझी लाज वाटली. कारण त्या सगळ्या शब्दांत एकही शब्द असा नव्हता जो तिच्या मुलीबद्दल होता.

माझ्या शेवटच्या पाठाला मार्गदर्शक मॅडम आल्या आणि त्यांच्यासोबत आमच्या भागाच्या शाळा तपासणारे एक साहेबही आले. टीव्ही वर्गात आणला होता, प्लास्टिकसकट. मी ठरवलं होतं की आज कुणालाही हात वर करायला लावायचा नाही. मुलांनी रोज कांद्याची चित्रं काढली होती, ती सगळी मिसळून जाजमावर पसरली आणि म्हटलं, लावा क्रमानं. पोरं चित्रांवर पडली. भांडली, ढकलाढकली केली, हे मूळ आखूड आहे, हे आधी, अरे तुझा कांदा उलटा आहे. कॉलेजच्या भाषेत याला गोंधळ म्हणतात. मग मी मोबाईल टीव्हीला जोडला आणि फोटो पळवले.

कोरडा कांदा थरथरल्यासारखा झाला. बुडातून पांढरे कोंब आले, लांबले, वळले, बरणीचा तळ शोधत खाली गेले, एकमेकांत गुंतले. आणि मग कुठे वरून हिरवी टोकदार पात निघाली. हेडसर भिंतीला टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, मॅडम, अजून एकदा लावा. मी लावलं. त्यांचं तोंड उघडंच होतं. त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस मुळात शिक्षक आहे, कुणीतरी याला माहिती भरायला बसवून वाया घालवलं आहे.

तेवढ्यात साहेबांना राहवलं नाही. त्यांनीच विचारलं, काय काय पाहिलं, कोण सांगेल?

आणि झालं. सवयीनं सगळ्या खोलीचे हात वर. उजवे, डावे, सगळे. साहेबांना युक्ती माहीत नव्हती. त्यांनी समोर बसलेल्या, कापसाचे तंतू केसांत अडकलेल्या मुलीकडे बोट केलं. तिचा डावा हात वर होता. हेडसरांनी घाईनं दुसरीकडे हात दाखवला, साहेब, याला विचारा, हा छान सांगतो. साहेब म्हणाले, तिला सांगू द्या.

सानिया उभी राहिली. तीन इयत्तांत पहिल्यांदा हेडसरांच्या देखत तिला वर्गात कुणी विचारलं होतं. तिनं आधी स्वेटरची लोंबणारी बाही वर सारली. मग म्हणाली, "आदी ते खाली जातंय. खाली घट्ट झालं की मंगच वर येतंय. वर आल्यावर खालचं कुनाला दिसत न्हाई."

तुला कसं माहीत, असं साहेबांनी विचारलं. रोजचा फोटो म्याच काढते, असं तिनं सांगितलं. साहेब खूश झाले. हेडसरही. आमची हुशार विद्यार्थिनी, असं ते त्याच दमात म्हणाले आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. फोटो काढायचं ठरलं. सानियाच्या हातात बरणी दिली. तिनं ती डाव्या हातात धरली.

"बाळा, उजव्या हातात धर. फोटो चांगला दिसत नाही," हेडसर म्हणाले.

तिनं हात बदलला. बरणी कलली, पाणी स्वेटरच्या बाहीत शिरलं. फोटोत ती बाहीकडे बघते आहे. तो फोटो तालुक्याच्या ग्रुपवर गेला, खाली नवोपक्रमशील शाळा असं लिहून, आणि त्यावर दुपारभर अंगठे आणि टाळ्या पडत राहिल्या. माझ्या पाठावर मार्गदर्शक मॅडमचा शेरा होता, वर्गनियंत्रण सुधारावे.

मला वाटलं होतं, दाखल्याचा विषय संपला. नव्हता संपला. हेडसर म्हणाले, एका उत्तरानं काय होतं, चाचणी लेखी असते. त्याच आठवड्यात त्यांनी एका ओळखीच्या माणसाची जीप सांगितली. सकाळी जीप लिंबाखाली येऊन उभी राहिली. पोरं परिपाठाला ओळीत होती. भाभी आली, सानियाचा हात धरून. हातात पिशवी नव्हती, कागद नव्हते. हेडसर पुढे होऊन म्हणाले, चला भाभी, उशीर होतोय, गर्दी वाढते तिथे.

भाभीनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. ती मोठ्यानं बोलली नाही. पण पोरांची ओळ जवळच होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"सर, तुमी तिला तीन वरीस काय बी इचारलं न्हाई. इचारलं असतं आन् तिला आलं नसतं, तर मी सोता तिला घेऊन गेले असते. आदी इचारा. मंग जीप आना."

हेडसर काहीतरी बोलायला गेले. भाभी थांबून राहिली होती, ते काय बोलतात ते ऐकायला, खरोखरच थांबली होती. त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरनं विचारलं, जायचं का नाही. मग जीप रिकामी गेली. हेडसर ऑफिसात गेले. भाभीनं सानियाला ओळीत उभं केलं आणि ती रजईच्या कामाला परत गेली. प्रार्थना सुरू झाली.

सानियाचा दाखला निघाला नाही. माझे दोन महिने संपले. सानिया आता शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत जाते. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली की हटकून एक प्रश्न येतो, मग निघाली का ती हुशार? मला या प्रश्नाची चीड येते. ती हुशार निघाली नसती, तर तिला न विचारता जीपमध्ये घालणं बरोबर ठरलं असतं का? मूल हुशार आहे म्हणून त्याला विचारायचं नसतं. ते समोर बसलेलं आहे, म्हणून विचारायचं असतं. एवढी साधी गोष्ट समजायला आपल्याला टीव्ही लागत नाही, मोबाईल लागत नाही. या वस्तूंचा मला राग नाही. त्या कांद्याच्या फोटोंनी मला जे दाखवलं ते कुठल्याही चार्टनं दाखवलं नसतं. पण वस्तू मुलाच्या हातात दिली आणि मुलाला काही विचारलंच नाही, तर ती वस्तूही शेवटी फोटोपुरती उरते. आपण शाळांना पडदे दिले, टॅब दिले, नावं दिली. ऐकायला माणूस द्यायचा राहिला.

तेव्हा माझी एक विनंती आहे, आणि ती हा अंक मिटून विसरण्यासाठी नाही. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत एखाद्या शाळेनं एखाद्या मुलाबद्दल ठरवलं असेल की याला काही येत नाही, आणि त्याच्या आईबापांना सह्या करायला बोलावलं असेल, तर त्या दिवशी त्यांच्यासोबत जा. त्यांना एकटं जाऊ देऊ नका. सही थांबवायला सांगा. उभं राहू नका, त्या मुलाशेजारी जाजमावर बसा. त्याच्या हातात एखादी वस्तू द्या, शिक्षकांना तुमच्यासमोर एक प्रश्न विचारायला लावा, आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ कुणालाही बोलू देऊ नका.